एका सेनापतीचे घर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आज मी आपणांस दूरदेशीच्या एका घराची हकीकत सांगणार आहे. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या तीरी माउंट व्हर्नन हे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे निवासस्थान आहे. स्वातंत्र्ययुद्धाचे हे सरसेनापती पुढे त्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष झाले. १७९९ साली याच घरात त्यांचे देहावसान झाले.

पुढे अर्धशतकात या वास्तूस उतरती कळा लागली. वारसांना डागडुजीही परवडेना. केंद्र सरकार आणि व्हर्जिनिया राज्य या दोघांनीही ती विकत घेण्याचे नाकारले. १८५३ साली आगबोटीतून जाणाऱ्या एका मातेने चांदण्यात ती दुरवस्था पाहिली व आपल्या कन्येस पत्र लिहिले. ही कन्या म्हणजे अ‍ॅन पामेला कनिंगहॅम. घोड्यावरून पडल्याने त्या अधू झालेल्या होत्या. तरीही त्यांनी राज्याराज्यांतील स्त्रियांना साद घातली, मंडळ स्थापिले आणि १८५८ साली घर व सुमारे २०० एकर जमीन दोन लक्ष डॉलरना घेण्याचा करार केला. त्या काळी तेथील स्त्रियांस मतदानाचा अधिकारही नव्हता, हे ध्यानी घ्यावे. १८६० साली ताबा मिळाला तेव्हा घर जवळजवळ रिकामे होते. लाफायेत यांनी धाडलेली बॅस्टिलच्या तुरुंगाची किल्ली तेवढी शिल्लक राहिलेल्या मोजक्या वस्तूंत होती. लगेच यादवी युद्ध पेटले. दोन्ही पक्षांच्या सैनिकांनी शस्त्रे बाहेर ठेवूनच आत यावे, असा दंडक मंडळाने घातला.

परंतु ही हकीकत येथेच संपविली तर ती अर्धी राहील. १७९९ साली त्या जमिनीवर ३१७ गुलाम राबत होते. स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांस मुक्त करावे, असे वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले; उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्यास ती मुक्ती आली नाही. त्यांच्या कबरींवर नावे नाहीत. त्या जागी मंडळाने १९२९ साली शिला बसविली आणि १९८३ साली स्मारक उभे राहिले. धन्याचे घर राखले गेले त्याला तोवर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

आपले मंडळही पूर्वजांच्या तसबिरी आणि कुलवृत्तान्त जतन करीत आहे. ते अवश्य करावे. मात्र त्या वाड्यांच्या पडवीत, गोठ्यात, शेतांत जे ज्ञातीबाहेरचे हात राबले, त्यांची नावे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना या वर्षीच विचारून ती नावे लिहून घ्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.