पट्टी कुठे थांबते



गोरेगावात नेस्कोच्या दालनांत प्रयोगशाळेच्या उपकरणांची मोठमोठी प्रदर्शनं भरतात आणि आरेचं जंगल ओलांडलं की पवईला आयआयटी. अशा जागी भरलेल्या या संमेलनात मराठीतून विज्ञान बोलायचा मान आपण मला दिलात.

माझा विषय मायक्रोफ्लुइडिक्स. केसाएवढ्या रुंदीच्या वाटांमधून द्रव खेळवायचा आणि त्यातले कण हवे तिथे न्यायचे. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. तिला चिमट्यानं धरता येत नाही, पण विजेच्या क्षेत्रानं धरता येतं.

मॉस्कोत 1807 साली रॉइस यांनी ओल्या चिकणमातीत विजेची अग्रं खोचली आणि मातीचे कण धन अग्राकडे सरकताना पाहिले. हे झालं इलेक्ट्रोफोरेसिस, कणावर विद्युतभार असला की होणारं. भार नसलेल्या कणाचं काय? तोही विजेच्या क्षेत्रात हलू शकतो, आणि हर्बर्ट पोल यांनी 1951 मध्ये या हालचालीला डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिलं. क्षेत्र सगळीकडे सारखं नसेल तर भार नसलेला कणही ओढला किंवा ढकलला जातो. ओढ की ढकल, हे कण आणि भोवतालचा द्रव यांच्या विद्युतगुणांवर आणि प्रवाहाच्या वारंवारतेवर ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे एकदा तरी पाहा. काचेवर सोन्याची दोन बारीक अग्रं, मध्ये यीस्टच्या पेशी, दहा व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. काही क्षणांत पेशी अग्रांच्या कडेला धावतात आणि एकमेकींना चिकटून मोत्यांच्या सरांसारख्या उभ्या राहतात. वारंवारता बदला, मेलेल्या पेशी वेगळ्या वागू लागतात. जिवंत आणि मृत पेशी अशा निराळ्या करता येतात, हे पोल आणि हॉक यांनी 1966 मध्येच दाखवलं होतं.

आता या विद्येचं आपल्या राज्याशी असलेलं नातं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवलं, तर ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीनं सरकलं. रोगाचं मूळ एका रेणूत आहे हे विजेनं सांगितलं. 1958 मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. आज नंदुरबार, गडचिरोलीच्या गावागावांत ‘एएस पॅटर्न’ (वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द आशाताईंच्या तोंडी आहेत.

सिकलसेल तपासणीच्या शिबिरात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती स्वस्त आहे, पण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिला सांगता येत नाही. ते सांगते इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टी: वाहकाच्या दोन पट्ट्या, निरोगी हिमोग्लोबिनची ए आणि सिकलची एस, रुग्णाची ए पट्टी दिसत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. त्या जोडप्याला सल्ला द्यायचा तो या पट्टीच्या आधारानं. ओहायोच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात तयार झालेली हिमचिप हेच काम तळहाताएवढ्या चिपमध्ये, कागदाच्या पट्टीवर करते आणि तिची चाचणी मध्य भारतातही झाली आहे. असं उपकरण आपल्याकडे, आपल्या रुग्णांसाठी घडावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

पण चिप प्रयोगशाळेत चालली म्हणजे नंदुरबारच्या धडगावात चालेल असं नाही. पहिलं, पेशींची धुलाई. डायइलेक्ट्रोफोरेसिसवरचे पुष्कळ प्रयोग पेशी धुऊन, साखरेच्या कमी क्षाराच्या द्रावणात घेतलेले असतात, कारण रक्तातल्या क्षारांतून प्रवाह वाहतो, द्रव तापतो, अग्रांशी बुडबुडे धरू शकतात. शोधनिबंधात ही धुलाई एका वाक्यात उरकते. आरोग्य केंद्रात ती करायची कोणी? दुसरं, तापमान. एका अंशानं तापमान चढलं की द्रव पातळ होतो आणि कणाची गती साधारण दोन टक्क्यांनी वाढते. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत जुळवलेली पट्टी बेचाळीस अंशांच्या दुपारी एकतृतीयांश पुढे पळेल. म्हणून शेजारी ज्ञात एएस नमुना चालवायचाच, त्यात काटकसर नको. तिसरं, डी नावाचं हिमोग्लोबिन अल्कधर्मी द्रावणात नेमकं एसच्याच जागी थांबतं. त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते, तेव्हा जुनी स्वस्त चाचणी मोडीत काढू नका, दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा.

इथे निबंध मांडणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे, आणि संयोजकांनी ती पुढच्या संमेलनासाठी नियम म्हणून स्वीकारावी. रक्त धुतलेलं होतं की बोटाच्या टोकाचं, खोलीचं तापमान किती होतं, वीज भिंतीतून घेतली की बॅटरीतून, हे पहिल्याच पानावर लिहा. आणि उपकरणातून निघणारा निकाल मराठीत छापा, एएस की एसएस हे ठळक, म्हणजे गावी परतणाऱ्या बाईला तो स्वतः वाचता येईल.