जुना करार, नवा करार आणि वेतनकरार

पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी नुसतं ‘करार झाला’ असं म्हटलं, तर ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती वाढ?’ आमच्याकडे करार म्हणजे वेतनकरार. युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात साधारण तीन-साडेतीन वर्षांनी होणारा. झाला की गेटवर पेढे वाटतात, गुलाल उधळतात. रखडला की घराघरांतली हप्त्यांची गणितं कोलमडतात. मराठी बायबलच्या दोन भागांची नावंही हीच आहेत, जुना करार आणि नवा करार. शब्द एकच असल्यामुळे आमच्या वाचनमंडळात जे वाद होतात, त्यांच्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आमचं हे मंडळ गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बसतं. ख्रिस्ती मंडळी आणि गुरुवार कसा, असं तुम्हांला वाटेल. विजेचा भार वेगवेगळ्या दिवशी वाटून देण्याच्या जुन्या व्यवस्थेमुळे आमच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी चर्चची घंटा वाजते, तेव्हा आमच्यातले निम्मे फर्स्ट शिफ्टला मशीनवर उभे असतात.

माणसं दहा-बाराच. बहुतेकांचं मूळ नगर, जालना या बाजूचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, तेव्हापासूनची ही घराणी. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे एमआयडीसी आली, आणि आमचे आजोबा-वडील पोटासाठी इकडे सरकले. आता पुढची पिढी चाकणला जाते. टूलरूममधून निवृत्त झालेले, एके काळी युनियनच्या वाटाघाटींना बसलेले एक काका आहेत, एक नर्सताई आहेत, चाकणला कंत्राटी कामगार म्हणून जाणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आहे, एक मावशी आहेत. मी शाळामास्तर, त्यामुळे वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे.

उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरुवात केली, की पहिला वाद ठरलेला असतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, तर ते दिवस चोवीस तासांचे होते का? इन्स्पेक्शनला काम करणाऱ्या एकाने लगेच बोट ठेवलं, ‘सूर्य चौथ्या दिवशी झाला. मग आधीचे तीन दिवस कुणी मोजले?’ हा प्रश्न काही नवा नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनलाही तो पडला होता, आणि हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत असं त्याचं मत झालं. मला विचाराल तर या वादात फार वेळ घालवू नये. खरी गंमत सातव्या दिवशी आहे. शब्बाथ पाळा, ही आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी येते आणि दोन्हीकडे कारण निरनिराळं दिलं आहे. निर्गमच्या पुस्तकात कारण सृष्टीचं: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादाच्या पुस्तकात कारण गुलामीचं: तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका, तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखा विसावा मिळू द्या. हे वाचल्यावर चाकणचा मुलगा म्हणाला, ‘मास्तर, म्हणजे सुट्टी आधी कामगाराची, मग देवळाची?’ सलग दोन गुरुवार त्याला ओटीला थांबवून घेतलं होतं. त्या संध्याकाळी सूर्य कितव्या दिवशी झाला, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता कराराकडे येतो. हिब्रू भाषेत करार ‘कापतात’. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम कालवड, बकरी आणि मेंढा मधोमध कापून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो. मग दोन्ही पक्षांनी त्यांच्यामधून चालत जायचं. शब्द मोडणाऱ्याची गत या जनावरांसारखी होवो, असा त्याचा अर्थ. पण घडतं काय? अब्राहामाला गाढ झोप लागते आणि त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल तेवढी जाते. अब्राहाम चालतच नाही. काका खुर्चीत पुढे सरकले. ‘म्हणजे एकाच पार्टीची सही! असला करार आम्ही आयुष्यात पाहिला नाही.’

काकांनी नेमकं वर्म पकडलं होतं. जुना करार ग्रीक भाषेत नेताना, ख्रिस्तापूर्वी दोन-तीन शतकं, भाषांतरकारांपुढे हीच अडचण होती. ग्रीकमध्ये दोघांनी घासाघीस करून ठरवलेल्या कराराला एक शब्द होता, तर एकाने आपल्या मर्जीने करून ठेवलेल्या व्यवस्थेला दुसरा, अगदी मृत्युपत्रालाही तोच. त्यांनी दुसरा निवडला. मराठीत आपण ‘करार’ म्हणतो आणि काकांच्या डोळ्यांसमोर वाटाघाटीचं टेबल उभं राहतं. शब्द चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. सीनाय पर्वतावरच्या करारात कलमं आहेत, अटी आहेत, मोडल्यास काय होईल तेही आहे. पण त्याच्या आधीचा हा एकतर्फी करार त्या टेबलावर मावत नाही. आणि त्याहीआधी, जलप्रलयानंतर नोहाशी केलेला करार तर प्रत्येक सजीवाशी आहे, पशुपक्ष्यांसकट. त्यावर नर्सताईंनी विचारलं, ‘मग इंद्रायणीतले मासे त्यात धरायचे की नाही?’ आळंदीला नदीवर तरंगणारा पांढरा फेस गेल्या काही वर्षांत आपण वारंवार पाहिला आहे. उत्तर कुणी दिलं नाही. आमच्यातल्या बहुतेकांची भाकरी कारखान्यांवरच आहे.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून. येशूने सांगितलेला हा दाखला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दिवसाला एक दिनार ठरवून. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला आणखी मजूर आणतो. सहा वाजता सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. धनी म्हणतो, ठरलं होतं ते तुम्हांला मिळालं, माझ्या औदार्याचा तुम्हांला हेवा का?

काका भडकले. ‘सिनिऑरिटी म्हणून काही आहे की नाही? दुसऱ्या दिवशी सगळे पाचलाच आले असतील!’ खोलीत हशा पिकला. कंत्राटी मुलगा हसला नाही. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही मजूर अड्ड्यावर कधी उभे राहिलात का? पाचला लावलेला माणूस पाचला आलेला नसतो. तो सकाळपासून तिथेच उभा असतो.’ मी पुस्तकात पाहिलं. खरंच, धनी त्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात, आम्हांला कुणी कामावर लावलं नाही. कितीतरी वर्षं हा दाखला मी वर्गात आणि चर्चमध्ये ऐकत आलो. त्या वाक्याकडे असं बोट दाखवायला चाकणच्या बसने जाणारा मुलगा यावा लागला. काका मात्र शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. ‘दया करायची तर धन्याने आपल्या खिशातून करावी, पण मग सकाळच्यांनाही वाढवून द्यावं,’ हे त्यांचं म्हणणं. वाटाघाटी केलेला माणूस आहे, आणि त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहेच. एकाच मशीनवर शेजारी उभे राहणारे दोघे, एक कायम आणि एक कंत्राटी, पगारात जमीन-अस्मानाचा फरक; अशा ठिकाणी हा दाखला वाचला की तो नुसता स्वर्गाच्या राज्याचा राहत नाही.

न्यायाचं असंच आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवसाचा विषय निघाला की मंडळी जरा गंभीर होतात, आवाज खाली येतात. मावशींचे यजमान एका बंद पडलेल्या कारखान्यात होते. देण्यांचा दावा वर्षानुवर्षं चालला आणि निकालाची वाट पाहत ते गेले. मावशी एरवी फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, ‘मला कशाला भीती वाटेल त्या दिवसाची? मी तर तारखेचीच वाट बघतेय.’ शहाण्णवावं स्तोत्र उघडून पाहा. देव न्याय करायला येतोय म्हणून तिथे शेतं आणि रानातली झाडं आनंदाने गाऊ लागतात. ज्याला न्याय मिळालेला नाही, त्याच्या कानाला तो शब्द निराळा लागतो.

आणि दया? पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावला, मुक्तीमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते पूर्ण झालं आणि १९२२ साली त्या गेल्या. तिथल्या छापखान्यात काम करणाऱ्याही बायकाच होत्या. बायबलमधल्या दयेच्या शब्दांचं मूळ पाहिलं की मला हे नेहमी आठवतं, कारण एका हिब्रू शब्दाचं नातं आईच्या गर्भाशयाशी आहे. शुभवर्तमानांतला येशूच्या कळवळ्यासाठीचा ग्रीक शब्द तर आतड्यांवरून आला आहे. आपण मराठीत ‘आतडं तुटतं’ म्हणतो, तेच. हे मी सांगितल्यावर नर्सताईंनी मावशींना हळूच विचारलं, ‘मावशी, आणि त्या मालकालाच दया मिळाली तर?’

हा प्रश्न योनाच्या पुस्तकाचा आहे. निनवे ही अश्शूरांची नगरी. त्याच अश्शूरांनी इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांना सोडलं, आणि योना संतापून शहराबाहेर जाऊन बसला. मला मरण दे, म्हणाला. देव त्याला विचारतो, उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं इथे आहेत, शिवाय पुष्कळ जनावरं. मला यांची कीव येऊ नये का? पुस्तक तिथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं, ते लिहिलेलं नाही.

मावशींनी मात्र उत्तर दिलं. म्हणाल्या, ‘मिळू दे की. पण जक्कयाने आधी चौपट परत करायचं कबूल केलं होतं.’

जक्कय हा जकातदारांचा मुख्य. काकांनी लगेच लूकचा एकोणिसावा अध्याय उघडला आणि बोट ठेवून वाचायला लागले: आधी परतफेडीचा शब्द, की आधी येशूचं त्याच्या घरी जाणं? घरी जाणं आधी आहे. मावशी म्हणाल्या, ‘परत वाचा.’ तोवर चाकणच्या मुलाच्या नाईट शिफ्टच्या बसची वेळ झाली होती. डबा घेऊन तो उठला आणि दारातून म्हणाला, ‘मी नसताना ठरवू नका, पुढच्या गुरुवारी.’