'गाची' आणि 'प्पोई'

'यासुमी' म्हणजे सुट्टी. तिला 'गाची' जोडले की होते 'यासुमिगाची': वरचेवर दांडी मारणारा. प्राथमिक पायऱ्या ओलांडून मधल्या टप्प्यावर आलेल्या जपानीच्या विद्यार्थ्याला हा चिमुकला प्रत्यय भेटतो आणि छळतो.

तो नामाला लागतो, तसाच क्रियापदाच्या, 'मास' या नम्रतादर्शक शेवटापूर्वीच्या रूपालाही. 'ब्योकी' म्हणजे आजार. 'ब्योकिगाची' म्हणजे सारखा आजारी पडणारा. बर्फ पडला की गाड्या उशिरा येतात, त्याला 'ओकुरेगाची'. आकाश बहुतेक वेळ ढगाळ असेल, तर 'कुमोरिगाची'. मूळ शब्द 'काची', म्हणजे जिंकणे. एखाद्या गोष्टीचे पारडे जड होते, असा त्याचा रोख. मात्र हे झुकणे बहुधा नकोशा गोष्टीकडेच! रोज पहाटे व्यायाम करणाऱ्याच्या कौतुकाला 'गाची' लावले, तर जपानी माणूस बुचकळ्यात पडेल.

खरी गंमत पुढे आहे. 'वासुरेगाची' आणि 'वासुरेप्पोई' दोन्हींत विसरणे आहेच. पण 'प्पोई' हा दुसरा प्रत्यय स्वभावावर बोट ठेवतो. आपल्याकडचा 'विसराळू' तो हाच. 'ओकोरिप्पोई' म्हणजे चिडका. 'गाची' स्वभावाबद्दल बोलत नाही, घटना किती वेळा घडते ते सांगतो. म्हणूनच सहज नजरेतून सुटणाऱ्या मुद्द्याला 'वासुरेगाची' म्हणता येते. मुद्दा काही विसराळू नसतो!

याच गटातला 'गिमी' हा तिसरा प्रत्यय मात्र वेगळा. 'काझेगिमी' म्हणजे आज जराशी सर्दीची कणकण. वारंवारतेचा इथे संबंध नाही.

शिकणाऱ्यांनी मराठीतले विसराळू, चिडका, रडका आठवावेत आणि तिथे आधी 'प्पोई' लावून पाहावा.