मिरजेचा कान



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकजण मिरज जंक्शनवर गाडी बदलून इथे आला असाल. त्याच गावात सतारमेकरांची एक गल्ली आहे. तिथला सारा व्यवसाय माणसाच्या कानावर चालतो. आज त्या कानाबद्दल बोलायचं आहे.

एकोणिसाव्या शतकात मिरजेचे शिकलगार तलवारींना धार लावत. इंग्रजी अंमलात हत्यारांचा धंदा बसला. पण पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे गायक-वादकांची गावात ये-जा होती आणि त्यांची वाद्यं दुरुस्तीला येत. शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी आधी ती दुरुस्ती हाती घेतली, मग सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. पोलादाचा अंदाज असलेली बोटं लाकडावर फिरू लागली. हात तयारच होता, कान मात्र नव्यानं तयार करावा लागला.

त्या कानाभोवती मुलूख जोडला गेला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत जाड सालीचे कडू भोपळे पिकू लागले. ते भाजीचे नाहीत, तंबोऱ्याचेच. तुणाचं लाकूड आलं, नक्षीकाम करणारे आले. पण वाद्याला प्राण येतो तो जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद उघडताना. घोडीच्या पाठीवरून तार जाते. कारागीर ती पाठ कानशीनं किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेतो. एका जागी बोथट नाद एकदम उघडतो आणि खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कुणीच छेडलेला नसतो! कुठे थांबायचं हे त्याला फक्त कान सांगतो.

गावाची ओळखही ऐकण्यातूनच घडली. फटाक्यानं डोळे अधू झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारांसाठी मिरजेला आला आणि गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबही मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये ते गेले, पण मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. मुसलमान कारागिराचा तंबोरा, हिंदू गवई आणि दर्ग्याचं अंगण यांत मिरजेला कधी विसंगती वाटली नाही. मला या गावाचा सर्वांत मोठा अभिमान वाटतो तो याचा.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नाव राखलं जाईल. कान राखायला मात्र शिकाऊ मुलगा कारखान्यात बसायला हवा, आणि शिकण्याच्या वर्षांत त्याचं घर चालायला हवं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलमधला तंबोरा घरोघरी पोचले असताना हे सोपं नाही.

तुमच्यातले काही उद्या बँकेत कर्जाचे अर्ज तपासतील. कारागिराच्या अर्जात जागा लिहिता येते, यंत्रं लिहिता येतात. वीस वर्षं तयार झालेल्या कानाची किंमत कुठे लिहायची? तो रकाना तुम्ही आखा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि आज परतीच्या गाडीला तासभर अवकाश असेल, तर त्या गल्लीत जा. कारागिराला विचारून एक तंबोरा छेडा, आणि तो गंधार ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका.