कातडं शिवायचं यंत्र घेताना

पोळा जवळ आला की हिवरखेडच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. ओसरीभर घुंगरमाळांचे पट्टे, म्होरक्या, जुवाचे जुने वादी-दोर. वडील आरीनं भोक पाडायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याची दोन्ही टोकं त्या एकाच भोकातून समोरासमोर ओढायचे. हा हातटाका एके जागी झिजून तुटला, तरी बाकीची शिवण धरून राहते. यंत्राचा टाका वेगळा. वरचा दोरा आणि खालच्या बॉबीनचा दोरा कातड्याच्या पोटात एकमेकांना अडकवतात. एक तुटला की शिवण हळूहळू उसवू लागते. म्हणून जिथं ओझं पेलायचं, तिथं आरी अजून लागतेच. यंत्र घ्यायचं ते उरलेल्या कामासाठी.

पहिलं यंत्र मी घेतलं ते फसलो. दुकानदार म्हणाला, ‘हेवी ड्यूटी आहे, जीन्सचे आठ पदर शिवते.’ शिवतही होतं. पण चपलेचा दुहेरी पट्टा घातला की वरचं कातडं मागं राहायचं, खालचं पुढं जायचं आणि टोकाला दोन्हीच्या कडा जुळायच्या नाहीत. मी मोठी मोटर बसवायला निघालो. वडील म्हणाले, ‘कातडं सरकूनच नाही रायलं बापू, त मोटर काय करन?’

सगळी गोम त्यांच्या त्या एका वाक्यात होती. कपड्याच्या यंत्रात कापड पुढं ढकलतात ते फक्त खालचे दाते. वरचा पाय, ज्याला प्रेशर फूट म्हणतात, तो नुसता दाबून धरतो. कापड त्याच्याखालून घसरतं. कातडं मात्र धातूला चिकटतं. टेफ्लॉनचा किंवा चाकाचा पाय बसवला तर पातळ, मऊ कातड्यापुरतं भागतं. पाकिटं, अस्तर अशी कामं आपल्या साध्या पायमशीनवरही होतात. त्यापुढं नाही.

जाड कातड्याच्या यंत्रात सुई, वरचा पाय आणि खालचे दाते तिघं मिळून चालतात. सुई कातड्यात रुतते आणि रुतलेली असतानाच त्याला घेऊन पुढं सरकते. थर हलायला वावच राहत नाही. बॅगा, कमरपट्टे, फवारणी पंपाचे खांद्यावरचे पट्टे यांना असं यंत्र उत्तम. पण त्याचं टेबल जवळजवळ चार फूट लांब असतं. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल मिळतात. त्या स्टॉलमध्ये हे टेबल ठेवलं, तर माणूस बसणार कुठं? शिवाय मूळचं सपाट टेबल. त्यावर तयार बूट शिवता येत नाही.

फाटलेला बूट शिवायला पॅचर लागतो. लांब, बारीक नळीसारखा हात असलेलं हे यंत्र तुम्ही बसस्टँडजवळ पाहिलं असेल. बूट त्या हातात पार चवड्यापर्यंत घालता येतो. यात खाली दातेच नसतात. वरचा पायच पाऊल टाकत कातडं ओढतो आणि तो पाय चहूबाजूंनी फिरवता येतो. बूट न फिरवता शिवणीची दिशा बदलते. सिंगर कंपनीचं ‘२९ के’ हे या जातीतलं नावाजलेलं यंत्र. त्यातला ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना. तो १९८० साली बंद झाला. आता हाताच्या चाकाची चिनी बनावटीची स्वस्त यंत्रं मिळतात. त्यांच्या ओतीव भागांच्या कडा खरबरीत असतात, दोरा तिथं कापला जातो. पॉलिश पेपरनं घासून, तेल घालून मगच कामाला लावावीत. पॅचरची बॉबीन लहान, जाड दोरा त्याला चालत नाही, म्हणून कमरपट्ट्यांचा धंदा त्यावर करू नये. पण वीज गेली तरी तो चालतो, आणि आपल्याकडं ही गोष्ट लहान नाही.

पाऊण इंच जाडी शिवणारी अवजड यंत्रंही असतात, घोड्याच्या खोगिराची. पोळ्याच्या चार पट्ट्यांसाठी त्यांचं कर्ज काढू नये.

माझं मत विचाराल तर गावात बसणाऱ्यानं आधी पॅचर घ्यावा, आणि बॅगांचं काम रोज येऊ लागलं तर तिघं मिळून चालणारं सपाट यंत्र. त्याला सर्व्हो मोटर लावावी. जुनी क्लच मोटर रिकामी असतानाही फिरत राहते आणि पाय ठेवताच यंत्र पळतं. कातड्यात चुकून पडलेलं भोक बुजत नाही. त्याच कारणानं टाका तीन-चार मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाके घातले की पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखं कातडं त्या रेघेवर फाटतं. सुई कातड्याचीच घ्या. तिचं टोक कापत जातं, कपड्याच्या सुईचं गोल टोक नुसतं रेटतं.

दुकानात जाताना आपलं कातडं आणि आपला दोरा सोबत न्या. दुकानदार मऊ रेक्झिनवर शिवून दाखवतो, त्यावर जाऊ नका. दोन पदरांवरून चार पदरांवर शिवण चढवून पाहा, चाक हातानं फिरवून. मग पट्टा उलटा करा. खालच्या बाजूला दोऱ्याची गुंती दिसली, तर दुकानदार दोऱ्याचा ताण जुळवून देईपर्यंत तिथंच बसा. पावती त्यानंतर.