मागून घेतलेला तास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पी.टी.चा तास म्हणजे आपल्याला फुकटचा तास वाटायचा. सावधान-विश्राम, चार कवायती, मग मुलं कबड्डीला आणि मुली झाडाखाली गप्पांना. आपल्याला व्यायाम हवा होता कुठे? अकलोली, गणेशपुरी, उसगाव आणि पलीकडच्या पाड्यांवरून आपण पायीच यायचो, पावसाळ्यात चपला हातात घेऊन. घरी गेलं की विहिरीचं पाणी, लावणीच्या दिवसांत शेतात वाकणं, सुट्टीत तानसा नदीत डुंबणं. देवीच्या 52 पायऱ्या पैज लावून एका दमात चढायचो. (पैजेचे पेढे अजून दोघांकडून यायचेत, दोघंही पुढच्याच रांगेत बसलेत.)

याच समजुतीतून मी शिक्षक झाल्यावर एक चूक केली, ती आज सरांसमोर कबूल करतो. मी दुसऱ्या तालुक्यात गणित शिकवतो. दहावीचा भाग मागे पडला की क्रीडाशिक्षकांचा तास मागून घ्यायचो. ते भिडस्त, नाही म्हणायचे नाहीत. 'खेड्यातली पोरं, त्यांना कसला व्यायाम शिकवायचा?' हे माझंच वाक्य.

मग एकदा खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचण्या होत्या. 50 मीटर धाव, 600 मीटर धाव, बसून पुढे वाकणं, जोर वगैरे. क्रीडाशिक्षक रजेवर होते, म्हणून घड्याळ माझ्या हातात आलं. मैदान लहान, 600 मीटरला सहा फेऱ्या. दुसऱ्याच फेरीत बऱ्याच मुली कमरेवर हात ठेवून चालायला लागल्या. चौथ्या फेरीत मुलंही. एक मुलगी मटकन खाली बसली, ओठ पांढरे पडलेले. वर्गात समीकरणं सर्वांत आधी सोडवणारी. तिचेच तास मी मागून घेतले होते.

यातलं कुणीही लठ्ठ नव्हतं, आणि इथेच माझी फसगत झाली होती. सडपातळ मूल म्हणजे काटक मूल असं आपण धरून चालतो. ही मुलं घराच्या दारातून रिक्षात बसतात ती शाळेच्या फाटकाशी उतरतात. पाणी नळाला आलंय, संध्याकाळी क्लास, रात्री मोबाइल. पालकांना दोष देणार नाही. जड गाड्यांच्या रस्त्यावरून मी माझ्या मुलीलाही पायी पाठवत नाही. आईच्या डोक्यावरचा हंडा गेला, हेही चांगलंच झालं. पण त्या चालण्याच्या जागी आपण दुसरं काही आणलं नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं सांगते. शाळेतले आठवड्याचे दोन-तीन तास त्याला पुरत नाहीत, आणि तेही मी खात होतो.

मुलींचं दुखणं आणखी खोल आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती यासाठीच. उपाशीपोटी मुलीला पळवणं हा जाच आहे, तेव्हा आधी डबा आणि गोळी, मग धाव. पण धाव हवीच. हाडं भरतात ती याच वयात, आणि नेमक्या याच वयात 'आता मोठी झालीस' म्हणून तिचं पळणं थांबतं. आपल्या वर्गातल्या किती जणी आठवीनंतर मैदानात उतरल्या, आठवून पाहा.

नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. आपण कौतुकाने म्हणतो, डोंगरातली मुलगी, पाय मुळातच दणकट. पण त्या पायांना मार्गदर्शक आणि सरावाचं मैदान मिळालं, हे सांगायचं राहून जातं.

आता मागणं. मेळाव्याच्या वर्गणीतून उरणाऱ्या पैशांत शाळेला मोठा टीव्ही द्यायचं घाटतंय. माझं म्हणणं, त्याऐवजी मैदानावरचे दगड काढून रोलर फिरवू, आखणी करू आणि मुलींना कपडे बदलायला दाराला कडी असलेली एक खोली देऊ. चुन्याची पोती मी आणतो. पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता कोण कोण येणार, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नावं द्यावीत.