व्हेनिस ते फ्लोरेन्स, व्हाया लिडो

आज राजारामपुरीत लाइट आहे, मागच्या गल्लीतलं बांधकाम दुपारपुरतं थांबलंय, तेवढ्यात हा एपिसोड उरकते. मध्येच हातोडा वाजला तर सांभाळून घ्या.

गेल्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की इटलीत एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा दिवस कसा असतो, अर्धाच दिवस जातो ना? आमचा अख्खा गेला, आणि चूक आमचीच होती.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. व्हेनिसमध्ये आमची खोली आर्सेनाले नावाच्या धक्क्याजवळ होती. सकाळची वेगवान गाडी महिनाभर आधी बुक केलेली. सगळ्यात स्वस्त तिकीट, म्हणजे बदल नाही, परतावा नाही. सव्वादोन तासांत फ्लोरेन्स. बारापर्यंत पोचायचं, सामान टाकायचं, नवऱ्याला उफिझी बघायचं होतं ते दुपारी बघायचं, आणि त्याआधी माझं एक काम. ते काय, ते सांगते पुढं.

व्हेनिसमध्ये रिक्षा नाही, बस नाही. बोट हीच बस, तिला वापोरेत्तो म्हणतात. एका माणसाचं तिकीट साडेनऊ युरो. दोघांचे एकोणीस युरो मोजले, दोन बॅगा ओढत धक्क्यावर आलो, एक नंबरची बोट लागली, चढलो. जागा पण मिळाली. मी म्हटलं, नशीब बघ! हा फोटो काढतोय, मी व्हिडिओ काढतेय. वीसेक मिनिटांनी बोट एका किनाऱ्याला लागली आणि समोर रस्त्यावरनं एक मोटार गेली.

व्हेनिसमध्ये मोटार!

तो लिडो होता. समुद्राकडचं बेट, तिथं रस्ते आहेत, गाड्या आहेत. स्टेशन बरोब्बर उलट्या दिशेला. एकाच नंबरची बोट दोन्हीकडं जाते आणि बोर्डावर शेवटच्या धक्क्याचं नाव असतं, ते वाचायचं असतं. आम्ही नुसता नंबर वाचला. म्हणजे पुण्याला जायचं आणि नुसती लालपरी बघून बेळगावच्या गाडीत बसायचं, तसं. परत फिरून अख्खा ग्रँड कॅनॉल पार करत, प्रत्येक धक्क्याला थांबत सांता लुचिया स्टेशनवर पोचलो तेव्हा आमची गाडी जाऊन पस्तीस मिनिटं झाली होती.

मग भांडण. तिथल्या पायऱ्यांवर बसून. "तू बघायचं नाहीस का?" "तूच म्हणालीस, नशीब बघ!" आजूबाजूला सगळं जग हनिमूनचे फोटो काढतंय आणि आम्ही कोल्हापुरी आवाजात. मराठी कुणाला कळत नाही हा एक फायदा.

आता कामाची गोष्ट, ही लिहून ठेवा. तिथल्या वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं असतं, आयत्या वेळी घ्याल तर डोळे पांढरे होतात. पण साध्या, म्हणजे रिजनल गाड्यांचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं. महिनाभर आधी घ्या नाहीतर दहा मिनिटं आधी घ्या, तेवढंच. सीट नंबर नाही, मिळेल तिथं बसायचं. फक्त कागदी तिकीट असलं तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. आम्ही तशी बोलोन्यापर्यंत आणि पुढं प्रातोला बदलून फ्लोरेन्स अशी तिकिटं घेतली. सव्वादोन तासांच्या जागी साडेचार तास.

खरं सांगू? प्रवास छान होता. पादोवा, रोविगो, फेर्रारा, पो नदीचा रुंद पूल, सपाट काळी शेतं. ऊस तेवढा नाही, बाकी शिरोळकडं गेल्यासारखं. बोलोन्याच्या पुढं डोंगर सुरू होतो आणि १९३४ सालचा बोगदा लागतो, अठरा किलोमीटरचा. अंधार संपता संपत नाही. आम्ही तोपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हतो. बोगद्यात यानं पिशवीतनं चिवडा काढला आणि माझ्यापुढं धरला.

फ्लोरेन्सला तीन वाजले. पाचला सूर्य मावळतो. उफिझी की माझं काम, एकच होणार होतं.

तर ते काम. निघताना आमच्या आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या होत्या, "तिकडं आपला राजा आहे. एवढ्या लांब जाताय तर हात जोडून या." मी इथंच वाढले, पण मलाही नीट माहीत नव्हतं. कोल्हापूरच्या इतिहासात राजाराम एकापेक्षा जास्त आहेत. हे शाहू महाराजांच्या आधीचे. १८५० चा जन्म. १८७० साली इंग्लंड बघायला गेले, इंग्रजीत डायरी लिहिली, ती पुढं १८७२ ला लंडनमध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर इटलीत आले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये वारले. वय वीस. वीस हो! मी विसाव्या वर्षी एकटी पुण्याला जायचे तर घरातनं चार फोन यायचे.

तेव्हा त्या शहरात दहनाची पद्धत नव्हती. पण सोबतच्या लोकांना संगम हवा होता. नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि गावाबाहेर जिथं मुन्योने नदी आर्नोला मिळते, तिथं रात्री चिता पेटली.

मी नवऱ्याला म्हटलं, तू जा उफिझीला, मी जाऊन येते. हा काहीच बोलला नाही. स्टेशनवर पैसे भरून सामान ठेवलं आणि माझ्याआधी ट्रॅमच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिला. बोर्ड दोनदा वाचला!

काशिने नावाचं मोठं बाग-जंगल आहे, नदीच्या कडेकडेनं. ट्रॅम त्याच्या एका टोकाला सोडते, स्मारक पार दुसऱ्या टोकाला, तीनेक किलोमीटर. मॅपवर हे बघून जा, आम्ही बघितलं नव्हतं. चालत गेलो. पळणारी माणसं, कुत्री, पिवळी पानं, आणि उजेड चाललेला. मध्ये एकदा हा म्हणाला, "नक्की आहे ना गं?" मलाही शंका यायला लागली होती.

आहे. झाडांच्या मोकळ्यात घुमटीची छत्री आणि तिच्याखाली फेटा, दागिने घातलेला रंगीत अर्धपुतळा. १८७४ साली बसवलेला, त्याच वर्षी शाहू महाराजांचा जन्म. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. आपला न्यू पॅलेस ज्यानं काढला, तोच मँट. म्हणूनच असेल, लांबनंच ओळखीचं वाटलं. चार बाजूंना चार लेख, त्यात देवनागरी अक्षरं. आठ दिवस सगळे बोर्ड इटालियनमध्ये वाचल्यावर ती दिसली आणि मला काय झालं कळेना, रडायलाच आलं. मागं मोठा केबलचा पूल आहे, १९७८ चा. त्यावरनं ट्रक जात होते. त्या पुलाचं नावच पोंते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयापाशचा पूल. रोज हजारो लोक ते नाव घेतात. कोण भारतीय, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल, देव जाणे.

आईंना व्हिडिओ कॉल लावला. इथं रात्रीचे साडेनऊ. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "लहानच आहे की रे पोरगं." नंतर, "फोन खाली धर, संगम दाखव." कठड्यापाशी जाऊन दाखवला. अंधारात दोन पाणी कुठं मिळतात ते नीट दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "प्रयाग चिखलीसारखंच आहे," आणि पलीकडं हात जोडले. आम्हीपण जोडले.

परतीला तीन किलोमीटर अंधारात. याच्या टाचेला फोड आलेला, मोबाईल नऊ टक्क्यांवर. सामान ठेवायची जागा बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून शेवटचं अंतर अक्षरशः पळालो. पोचलो.

उफिझी राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी सोमवार, सोमवारी ते बंद असतं, हेही आम्ही बघितलं नव्हतं. त्यावरनं जे झालं ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगते. हातोडा सुरू झाला बघा. चला, भेटू.